साफ केलेला आवाज

३ मार्च, साकोली

आजपासून गोदामाला गोदाम म्हणायचं नाही, स्टुडिओ म्हणायचं, असं शोभाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणा ना. गाद्याले बी सोफे म्हणा." आमची बायको अशीच बोलते. मला राग येत नाही. माणूस हसतमुख असला की धंदा चालतो, घरही चालतं.

गाद्यांनीच काम केलं पण. मंडप डेकोरेशन बंद केल्यावर माझ्याजवळ दोनच गोष्टी उरल्या होत्या, गाद्या आणि कनाती. चारी भिंतींना गाद्या उभ्या केल्या, वर टिनाच्या खाली कनात ताणली, जमिनीवर सतरंजी. मधात उभं राहून ओरडलो. आवाज गेला तो गेलाच, फिरून आला नाही. नागपूरचे लोक याच्यासाठी फोम विकत आणून चिकटवतात म्हणे.

मी आंधळगावच्या कोष्ट्याचा पोरगा. मागाच्या खटखटीत वाढलो. धागा तुटला की बापाच्या आधी मला ऐकू यायचं. पुढे भोंगा घेऊन लग्नांत हिंडलो, मग मंडप, मग डीजेचे मोठे डबे. आता डबे पोरांकडे गेले. त्यांना कान नाहीत, नुसती छाती थरथरली की झालं. म्हणून पॉडकास्ट. आमचा हा मुलूख झाडीपट्टी, म्हणून नाव ठरवलं 'झाडीच्या गोष्टी'. पंखा बंद, फ्रीजची तार काढली, माईक जवळचंच ऐकणारा घेतला, लांबचं ऐकणारा नाही. हायवेचे ट्रक मला गोष्टीत नको आहेत.

सगळं झाल्यावर माझा स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला. जन्मभर 'हॅलो, माईक टेस्टिंग' करून घसा असा झाला आहे की पत्र्यावर गिट्टी ओतल्यासारखं वाटलं. गोष्ट सांगायला दुसरं कोणी पाहिजे.

८ मार्च

केशवराव आले होते. पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होते, आता रिटायर. गोष्टी पाठ आहेत त्यांना, पण दर वाक्यानंतर खाकरतात. सोबत पोरगी होती, रुचिता. बापाच्या गोष्टी तिनेच लिहून काढल्या आहेत, कागद तिच्याच हातात होते. आई नाही तिला. वय असेल पंचवीस-सव्वीस.

मी म्हटलं, "पोरी, तूच वाच ना दोन ओळी."

तिने बापाकडे पाहिलं. बाप खाली पाहू लागला. मग तिने तोंड उघडलं आणि 'प' वर अडकली. प, प, प. मान एका बाजूला ओढली गेली, डोळे मिटले. मला लाज वाटली पाहायची. पण मी पाहत नव्हतो, ऐकत होतो, कानाला हेडफोन होते. प सुटला आणि पुढचे चार शब्द आले. 'पांगोलीच्या काठी एक म्हातारी'. काय आवाज! कोमट, भरलेला, 'स'ला शिट्टी नाही, 'म' असा की कानात गूळ विरघळावा. पुन्हा 'र' वर अडकली. पुन्हा सुटली, पुन्हा तोच आवाज.

केशवराव म्हणाले, "मोतीभाऊ, तिले नका तरास देऊ. तिचं असंच हाये लहानपणापासून."

मी म्हटलं, "केशवराव, दाणे चांगले आहेत. खडे निवडायचं काम माझं."

१६ मार्च

पद्धत बसली. तिला सांगितलं, माईकपासून एक वीत, तोंड जरा तिरपं, म्हणजे 'प' आणि 'फ'ची फुंकर आत शिरत नाही. आणि अडकलीस की लढायचं नाही. थांबायचं, एक टाळी वाजवायची, श्वास घ्यायचा, वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. टाळी कॉम्प्युटरवर ताडाच्या झाडासारखी उभी दिसते. ताड दिसला की त्याच्या मागचं कापायचं.

पहिल्या दिवशी टाळ्याच टाळ्या. कीर्तन चाललं आहे की काय, शोभाने विचारलं. पण आज तिला लय सापडली. अडकते, टाळी, परत. चेहऱ्यावरची ती ओढाताणही कमी झाली. टाळी वाजवली की जणू ते घडलंच नाही, असं तिला वाटतं. मी म्हणालोच तिला, "टाळीच्या मागचं जगात नसतेच, बेटा."

ती हसली. हसताना अडखळत नाही.

३ एप्रिल

पहिली गोष्ट बाहेर सोडली. श्वास काढले, ओठांची चपचप काढली, एका ठिकाणी टिनावर कबुतर उतरलं होतं ते काढलं. सुरुवातीला पोट्टी न अडखळता 'जय भीम' म्हणाली होती. आवाज उत्तम होता. तेवढं कापलं. सगळ्या घरांत ऐकतात, उगीच कोणी सुरुवातीलाच बंद करायला नको. मला स्वतःला काही नाही. तिने विचारलं तेव्हा सांगितलं, मागे कुत्रं भुंकत होतं.

"कु-कु-कुत्रं तर नव्हतं, काका."

चांगले कान आहेत पोट्टीचे. पुढे कामाला येतील.

२० मे

गजब झालं. बिडी वळणाऱ्या बाया मोबाईल टोपल्यात ठेवून आमच्या गोष्टी ऐकतात. एसटीत ऐकतात. भंडाऱ्याहून फोन येतात, 'कोण होय ती, भेटवा ना.' एका साडीवाल्याने जाहिरात दिली. तीही रुचितानेच वाचली; 'पैठणी'ला सतरा टाळ्या लागल्या असतील, पण ऐकणाऱ्याला मलईसारखी लागते.

आज ती स्टुडिओत आली ती गप्पच. खोदून विचारलं तेव्हा थांबत थांबत सांगितलं. बाजारात वांगी घ्यायला गेली होती. भाजीवालीच्या मोबाईलवर हिचीच गोष्ट लागलेली. हिला 'पाव किलो' निघेना. भाजीवाली म्हणाली, "लवकर बोल ना माय, इकडं गोष्ट चालू हाये." ही न घेताच परत आली.

मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "अगं, ही तर तुझी जीत झाली! तुलेच ऐकायसाठी तुलेच चूप बसवलं तिनं." तीही हसली थोडी. मग कोमट पाणी प्यायली आणि कामाला बसलो. आज आवाज जरा कोरडा होता, पण नंतर तेल फिरवल्यासारखा करता आला.

१२ जून

पॉडकास्टच्या नंबरवर एका पोराचे मेसेज येतात. सुगत नाव. मूळचा नाकाडोंगरीचा, नोकरी नागपुरात, विम्याच्या ऑफिसात. पहिले गोष्टींबद्दल लिहायचा, आता आवाजाबद्दल लिहितो. मी तिला दाखवले. लाल झाली. मग मीच त्याला तिचा नंबर दिला. दोघं लिहितात एकमेकांना. तो फोन करू का विचारतो, ही म्हणते घरात बाबूजी असतात.

केशवरावांनाही कानावर घातलं. समाजातलाच आहे, कमावता आहे, म्हातारा खूश झाला. "तुमच्या पायी झालं मोतीभाऊ," म्हणाला. मी म्हटलं, अजून कुठे झालं? पण होईल. मला अशा गोष्टींचा वास येतो.

४ जुलै

सुगत आईला घेऊन येणार आहे, पाहायला. वीस तारीख ठरली.

रुचिता आज दार लोटून आली, रेकॉर्डिंगचा दिवस नसताना. म्हणाली, तिला एक रेकॉर्ड करायचं आहे, सुगतसाठी. टाळी न वाजवता. सगळं जसं आहे तसं.

मी म्हटलं, "कायले? तो येते तव्हा पाहून घेईन."

ती म्हणाली, "न-नाही काका. य-यायच्या आधी त्याले म-माहीत पाहिजे. लिहून न-नाही. त्यानं ऐ-ऐकलं पाहिजे."

मग बसली. मी बटण दाबलं. जे मी ऐकलं ते सांगायला नको. स्वतःच्या नावाच्या 'र' वर इतका वेळ अडकली की मला वाटलं मशीन बंद पडलं. टेबलाची कड धरून होती. एकदा हात टाळीसाठी उचलला गेला, तो तिने दुसऱ्या हाताने धरून खाली ठेवला. पण शेवटपर्यंत म्हणाली. ती काय म्हणाली ते असं होतं, खडे वगळून:

'जय भीम, सुगत. मी रुचिता. मी अडखळते. लहानपणापासून. माझं नाव सांगताना सगळ्यात जास्त. गोष्टींत तुम्ही जी ऐकता ती मोतीलालकाकांनी जोडलेली आहे. ही खरी मी. ऐकून घ्या आणि मग या. नाही आलात तरी मी समजेन.'

संपलं तेव्हा घामाने डबडबली होती, पण चेहरा असा की जणू गंगेत न्हाऊन आली. "म-मी नाही ऐकणार," म्हणाली. "म-माझ्यानं पाठवणं होणार नाही. तुमीच प-पाठवा."

मी हो म्हटलं.

५ जुलै

सकाळी हेडफोन लावून बसलो. जसंच्या तसं पाठवायचा माझा इरादा होता, खोटं नाही सांगत. पण दोनदा ऐकलं आणि हात आपोआप चालू लागला. चहा पाजताना कपाचा कान फुटका असला तर आपण कप बदलतोच ना? कोणी सांगितलं नसलं तरी? ती रात्रभर झोपली नसेल, डोक्यात काहीतरी घेऊन बसली आहे. पोरगं चांगलं आहे. हे असलं ऐकलं की पळून जाईल. शिवाय उद्या कोणी म्हणेल हा माल मोतीलालच्या स्टुडिओतून निघाला.

'र' चे सगळे तुकडे काढले. 'अडखळते'मध्ये तीन ठिकाणी अडकली होती, ते असं शिवलं की सांधा सापडणार नाही. ते 'मोतीलालकाकांनी जोडलेली' वाक्य काढलं. दोघांच्या खासगीत माझं नाव कशाला. 'जय भीम' ठेवलं, इथे ते कामाचं आहे. एका मिनिटाच्या आत बसलं सगळं. आतापर्यंतचं सगळ्यात सुंदर काम. 'नाही आलात तरी मी समजेन' ऐकताना मला स्वतःलाच भरून आलं.

पाठवून दिलं.

७ जुलै

सुगतचा फोन आला, मला. हसून हसून बेजार. "काका, मॅडम गजब मजाक करतात! 'मी अडखळते' म्हणे. अन् काय बोलल्या आहेत! आईले ऐकवलं, आई म्हणे आता तर पाहायलेच पाहिजे पोरीले."

मी म्हटलं, "हाव, स्वभाव मोठा गमतीचा आहे तिचा."

संध्याकाळी रुचिता आली. त्याचा मेसेज दाखवला, मजाकीला मजाकीनेच दिलेलं उत्तर: 'ऐकलं. मला काही फरक पडत नाही. उलट तुम्ही अजूनच आवडल्या. येतोय.' मोबाईल दोन्ही हातांत धरून उभी होती. मला म्हणाली, "काका, त्यानं ऐ-ऐकलं. पूर्ण ऐकलं." आणि रडली. मग माझ्या पाया पडली. शोभाने तिला जवळ घेतलं, साखर दिली तोंडात.

दोन्ही बाजू खूश. असं काम रोज कुठे हातून होतं.

१५ जुलै

आज नवी गोष्ट रेकॉर्ड केली, राजकन्येची. टाळ्या निम्म्यावर आल्या. आनंद माणसाच्या घशाला चांगला असतो, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

२० जुलै

केशवरावांकडे मला वडीलधारा म्हणून बोलावलं होतं. पांढरा शर्ट घातला. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली धुतलेली चादर, पोहे, चिवडा, सगळं नीटनेटकं. सुगत, त्याची आई वच्छलाबाई आणि एक मामा. पोरगं देखणं आहे, केस पाण्याने बसवलेले. दाराकडेच पाहून राहिला होता.

रुचिता चहा घेऊन आली. निळी साडी. हात स्थिर होते. खरंच, तिला काहीच भीती नव्हती.

वच्छलाबाई म्हणाल्या, "बस बाई. नाव सांग ना तुझं. तुझ्या तोंडून ऐकायले आलो आमी एवढ्या लांब."

"रु," ती म्हणाली. "रु... रु..." आणि टाळी वाजवली.

कोणालाच काही कळलं नाही. मला कळलं. सवय. तिने श्वास घेतला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकली, पुन्हा टाळी. मग तिला स्वतःच्या हातांकडे पाहून कळलं असावं, कारण तिने ते पदराखाली घेतले. पण 'रु' काही सुटेना, आणि पदराखालीच पुन्हा आवाज झाला, दबलेला.

मामा म्हणाला, "मच्छर हायेत का वो?"

वच्छलाबाईंनी मामाला गप्प केलं, पण त्यांच्याही तोंडाचा कोपरा हलला. "टाळ्या कायले वाजवून राहिली ही?"

सुगत हसला. प्रेमानेच हसला, मी पाहत होतो. "मॅडम, पुरे आता मजाक. आई घाबरून जाईन."

तेव्हा तिचा चेहरा बदलला. ती त्याला म्हणाली, आणि मोठा वेळ लागला तिला, "म-मी स-सांगितलं होतं. प-प-पाठवलं. तुमी ऐ-ऐकलं."

"काय सांगितलं?"

"अ-अ-अड..."

ते काही पूर्ण होईना. सुगतने खिशातून मोबाईल काढला. "हे का?" म्हणाला, आणि लावलं.

'जय भीम, सुगत. मी रुचिता. मी अडखळते. लहानपणापासून.'

मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरवरही काय स्वच्छ! खालचा स्वरसुद्धा टिकला होता. पुरी खोली भरली आवाजाने. 'माझं नाव सांगताना सगळ्यात जास्त. ही खरी मी. ऐकून घ्या आणि मग या.'

रुचिता ते पहिल्यांदाच ऐकत होती. अर्ध्यावर तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोह्यांत एक मिरची आली होती, ती मी बाजूला काढली.

वच्छलाबाई म्हणाल्या, "मग हे बोलणारी कोण होय? ही तर नाही. दुसऱ्याच पोरीचा आवाज लावून आमाले बोलावलं का?"

केशवराव हात जोडून उभे राहिले. "माझीच होय ताई. दोन्ही बी माझीच पोरगी होय."

"एक दाखवाची अन् एक द्याची, असं होय का?"

सुगत उठला होता. लहान आवाजात बोलला, पण मला लहान आवाज ऐकू येतात. "अडखळण्याचं काही नव्हतं. माझा मोठा भाऊ पायानं अधू हाये, आमच्या घरी कोणी हसत नाही त्याले. खरंखुरं ऐकवलं असतं तर मी धावत आलो असतो. पण हे असं... मी मजाक समजून आईले ऐकवलं. मले मूरख बनवलं तुमी."

ती तोंड उघडून उभी होती. नुसती हवा येत होती. मग हवाही थांबली.

दोन घरांच्या मधात बाहेरच्या माणसाने बोलू नये, वाईट दिसतं. गाडी निघाली तेव्हा मामाने खिडकीतून एक टाळी वाजवली. काही लोकांना वेळकाळ कळत नाही.

'धावत आलो असतो' म्हणे! असं सगळेच म्हणतात नंतर. मी त्या दिवशी हेडफोनमधून ऐकलं होतं ना, त्याने नव्हतं.

२२ जुलै

रुचिता आली नाही. निरोप पाठवला, घसा दुखत असेल तर ज्येष्ठमध चघळ.

६ ऑगस्ट

शोभा केशवरावांकडे जाऊन आली. म्हणाली, पोरगी बोलत नाही. मी म्हणालो, रुसली असेल, चार दिवसांनी बोलेल. "तसं नाही," शोभा म्हणाली. "कोणाशीच नाही. तोंडच उघडत नाही. जेवाले तेवढं उघडते." मग मला विचारलं, "तुमी काय पाठवलं होतं त्या पोराले?"

"तिनं सांगितलं तेच. साफ करून."

तिने माझ्यापुढे ताट ठेवलं, मीठ वाढलं नाही आणि आत गेली. मी स्वतःच उठून घेतलं.

१२ सप्टेंबर

लोक विचारतात, नवी गोष्ट कधी? साडीवाला विचारतो. राजकन्येची एक शिल्लक होती, ती सोडली. लोक म्हणतात, आवाजात आता आणखी गोडी आली. ती जुलैची आहे हे कोणाला सांगणार.

दुसऱ्या दोन पोरींचे आवाज घेऊन पाहिले. एक नाकातून बोलते, दुसरीचा 'स' सापासारखा. न अडखळता बोलतात, पण त्याला काय करायचं?

१९ ऑक्टोबर

युक्ती सापडली आणि सगळा दिवस कसा गेला कळलं नाही. माझ्याजवळ तिच्या इतक्या गोष्टी आहेत, म्हणजे शब्दांचं धान्य भरलेलं कोठारच की. साडीवाल्याला दिवाळीच्या शुभेच्छा पाहिजे होत्या. 'दिवाळी' बैलाच्या गोष्टीत मिळाली. 'आनंदाची' राजकन्येत. 'जावो' मात्र कुठेच सापडेना. शेवटी चेटकिणीच्या शापात मिळाला, 'तुझी नजर जावो'. तिथे आवाज जरा चढलेला होता, तो उतरवला. 'तुम्हा सगळ्यांना' अख्खंच मिळालं.

'तुम्हा सगळ्यांना दिवाळी आनंदाची जावो.' एक टाळी नाही, एक घोट पाणी नाही, कोणाची वाट पाहणं नाही. शोभाला ऐकवलं. तिने मधातच उठून गॅस लावला.

सोडून दिलं. दुपारपर्यंत फोनवर फोन.

२३ ऑक्टोबर

आज सकाळी केशवराव आले. हातात पिशवी, उकडलेले शिंगाडे, तलावातून आजच काढलेले. चेहरा उजळलेला. बसलेसुद्धा नाहीत.

"मोतीभाऊ, पोरगी बोलली म्हणते तुमच्याकडं येऊन."

"कोण म्हणते?"

"आता लोक दाखवतात ना मोबाईलवर. मी बी ऐकलं. दिवाळी आनंदाची जावो म्हणे. आमच्याकडं दिवाळी नाही करत, तुमाले माहीत हाये. पण म्हटलं काहीही बोलो, बोलली ना. घरात तर तीन महिन्यापासून आवाज नाही. मोबाईलवर लिहून दाखवते, बाबूजी चहा, बाबूजी गोळी. कव्हा आली होती? मी धानावर गेलो तव्हा आली असन, नाही का? मले नाही सांगितलं तिनं. राहू द्या. मी बी नाही विचारणार."

मला त्यांचं कौतुक वाटलं आणि कामाचंही. बसवलं, हेडफोन लावून दिला, पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. हे बैलाच्या गोष्टीतलं, हे राजकन्येतलं, हे चेटकिणीचं. म्हटलं, सांधा कुठे ऐकू येतो सांगा, शंभर रुपये देतो.

त्यांनी हेडफोन काढला. "म्हणजे ती आली नाही."

"यायची गरजच नाही पडली, केशवराव! आता तिने नाही म्हटलं तरी अडणार नाही आपलं. तिच्या नावाने चालूच राहील."

त्यांनी भिंतीच्या गादीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तिचं अडकलेलं काही हाये का तुमच्यापाशी?"

मला कळलं नाही.

"ते तुमी कापत होते ना. ते. मले ती हाक मारे, ब, ब, ब, करत. दारातून सुरू करे. मी मागच्या वाडीतून हात धुऊन येवो, येऊन तिच्यापुढं उभा राहो, तव्हा 'बाबूजी' पुरं होये तिचं. मग दोघं बी हसो. तेवढं द्या. मोबाईलात टाकून द्या मले."

मी समजावून सांगितलं. ते कोणी ठेवत नाही. काम झालं की कापलेलं सगळं मी पुसतो, नाहीतर जागा अडते.

"सारं?"

"सारं."

"त्या पोरासाठी बोलली होती ते बी? टेबल धरून? तिनं लिहून दाखवलं मले."

"ते तर त्याच दिवशी."

म्हाताऱ्याचे डोळे भरले. मला कोणी माझ्या दारातून रिकाम्या हाताने गेलेलं आवडत नाही. म्हटलं, थांबा, त्याहून चांगलं देतो. राजकन्या बापाला हाक मारते ती जागा काढली. 'बाबूजी.' एकदम साफ, एका दमात, मधासारखं. पाठोपाठ तीनदा लावलं आणि त्यांच्या मोबाईलमध्ये रिंगटोन करून दिली. कोणीही फोन केला की पोरगी हाक मारेल. पैसे घेतले नाहीत.

केशवरावांनी मोबाईल खिशात घातला आणि निघाले. शिंगाड्यांची पिशवी इथेच राहिली.

रिंगटोन नीट बसली की नाही पाहावं म्हणून मी इथूनच त्यांना एक रिंग मारली. तोवर ते फाटकापाशी पोचले होते. खिशातून आवाज आला, 'बाबूजी... बाबूजी... बाबूजी...' इतका स्वच्छ की मला खुर्चीत बसून ऐकू आला, हायवेचा ट्रक जात असताना. केशवरावांनी मात्र फोन काढला नाही की मागे वळूनही पाहिलं नाही. तसेच चालत राहिले, आणि तो वाजत राहिला.

वय झालं की पहिले कान जातात माणसाचे.